चाचणी घेताना दुरुस्तीवाल्याने डिस्क का काढली?

आमचा राउटर बिघडलाच नव्हता. तरी दुरुस्तीवाल्याचं ऐकून मी तो बदलला, वर वाय-फाय लांबवर पोचवणारा एक एक्स्टेंडरही घेतला. राउटरला हार्ड डिस्क लावलेल्या कुठल्याही घरात हीच खेळी खेळता येते, म्हणून सविस्तर लिहितोय.

घरातले फोटो-व्हिडिओ सगळ्यांना बघता यावेत म्हणून मी राउटरच्या निळ्या यूएसबी पोर्टला एक्स्टर्नल डिस्क लावली. लगेचच प्रिंटर सापडेनासा झाला आणि आतल्या खोलीतलं वाय-फाय सारखं तुटू लागलं. दुरुस्तीवाला आला तेव्हा मी स्वतःहून विचारलं, "डिस्क लावल्यापासून होतंय का हे?" तो म्हणाला, "डिस्कचा आणि वाय-फायचा काय संबंध? राउटरच गेलाय."

नवा राउटर लावून त्याने आतल्या खोलीत उत्तम वेग दाखवला. मी पैसे दिले. जुना राउटर 'निकामी' म्हणून तो घेऊन गेला आणि निघताना डिस्क परत जोडून गेला. संध्याकाळी पुन्हा तेच रडगाणं. दुसऱ्या खेपेला त्याने भिंतींना दोष दिला आणि एक्स्टेंडर गळ्यात मारला. याही वेळी चाचणीआधी त्याने डिस्क काढून बाजूला ठेवली होती, "धक्का लागायला नको" म्हणत. मला तर त्याचा काळजीपूर्वकपणा आवडला होता!

पुढे एकदा फोटो कॉपी करायला मी डिस्क दुसऱ्या खोलीत नेली, आणि प्रिंटर आपोआप सापडला. मग चार वेळा डिस्क लावली, काढली. दर वेळी तोच प्रकार.

हा दोष नवा नाही. इंटेलने 2012 मध्येच त्यावर तांत्रिक निबंध काढला होता. राउटरचा तो निळा पोर्ट यूएसबी 3.0 चा, आणि त्यावर डेटा सेकंदाला 5 गीगाबिट वेगाने जातो. त्यातून निघणारा रेडिओ गोंगाट वाय-फाय वापरतं त्या 2.4 गीगाहर्ट्झच्या अख्ख्या पट्ट्यात पसरतो, त्यामुळे नुसता चॅनेल बदलून भागत नाही. डिस्क आणि तिची केबल अँटेनाला खेटून असली की लांबच्या खोलीतून येणारा क्षीण सिग्नल त्या गोंगाटात बुडतो. जवळच्या उपकरणांना फारसं जाणवत नाही, म्हणून दोष भिंतींवर ढकलणं सोपं जातं. वायरलेस माउसलाही याचा त्रास होतो. 5 गीगाहर्ट्झचं वाय-फाय बहुतेक वाचतं, पण आमचा प्रिंटर त्यावर चालतच नाही.

तेव्हा तक्रार करण्याआधी डिस्क काढून बघा. माणूस बोलावलाच, तर सगळ्या वायरी जोडलेल्या असतानाच चाचणी घ्यायला लावा, आणि जुना राउटर हातचा सोडू नका. मी फोन करून जाब विचारला तेव्हा "असं काही नसतं" म्हणून त्याने फोन ठेवला, नंतर उचललाच नाही.

इलाज फुकटातच झाला. राउटरच्या सेटिंगमध्ये यूएसबी पोर्ट 3.0 वरून जुन्या, कमी वेगाच्या 2.0 वर आणला. फाइल कॉपी व्हायला आता जास्त वेळ लागतो, पण आतल्या खोलीत वाय-फाय टिकतं. तुमच्या राउटरमध्ये ती सोय नसेल, तर चांगल्या शिल्डिंगची (म्हणजे गोंगाट आत अडवणाऱ्या आवरणाची) केबल घेऊन डिस्क अँटेनापासून जमेल तितकी लांब ठेवा.