व्हीआरमधली थंडी, नागपूरचा उन्हाळा आणि 'लिक्विड डॅमेज'

काल माझ्या व्हीआर पट्ट्याबद्दल सर्व्हिस सेंटरचा मेल आला, युनिटमध्ये ओलावा आढळला, लिक्विड डॅमेज वॉरंटीत बसत नाही, धन्यवाद. म्हणून हे लिहितोय, नाहीतर रिव्ह्यू टाकायचा काही विचार नव्हता. ब्रँडचं नाव मुद्दाम टाकत नाही, तक्रार चालू आहे. डोळ्यांवर लावायचा व्हीआर हेडसेट मेटाचा क्वेस्ट ३ आणि त्याच्यासोबत मनगटावर बांधायचे हे दोन पट्टे, गेममध्ये बर्फ आला की गार, आग आली की गरम.

घेतले एप्रिलमध्ये. नागपुरात. यातच सगळं आलं.

आत पेल्टिअर चिप आहे, त्यामागच्या तत्त्वाचा शोध १८३४ सालचा, करंट सोडला की एक बाजू थंड दुसरी गरम, करंट उलटा केला की बाजू उलट. पण ती चिप थंडी तयार नाही करत, मनगटाची उष्णता उचलून मागच्या बाजूला नेऊन टाकते, आणि स्वतः खाल्लेली वीज पण उष्णता होऊन तिथंच जमा. हे सगळं बाहेर फेकायला दिलाय एक इवलासा पंखा. मे महिन्यात बाहेर ४४-४५, माझी खोली स्लॅबखाली, तिथली हवाच अंगापेक्षा गरम, मग तो पंखा बिचारा काय फेकणार आणि कुठे. बर्फाच्या गुहेत शिरलो की पहिले काही सेकंद मस्त, मग कोमट, मग पट्ट्याच्या वरच्या बाजूला हात लागला की चटका. वर त्या पंख्याची किरकिर, गुहेतली शांतता वगैरे विसरा. तीस हजाराच्या आसपासच्या वस्तूत पंख्यावरच काटकसर करायची कोणाला सुचली असेल देव जाणे.

रागारागात एकदा आईच्या डोकेदुखीच्या बामची डबी घेतली आणि मनगटाला चोळून तीच लेव्हल खेळलो. हसू नका, यामागं सायन्स आहे. कातडीतला जो रिसेप्टर थंडी ओळखतो तो बाममधल्या मेन्थॉलनेही चालू होतो, आणि उष्णता ओळखणारा मिरचीतल्या कॅप्सेसिनने. हे रिसेप्टर शोधणाऱ्यांना २०२१ चं नोबेल मिळालंय. शिकागो विद्यापीठातल्या लोकांनी तर २०२० मध्येच हेडसेटला नाकाजवळ छोटं यंत्र लावून कॅप्सेसिनने गरम आणि निलगिरीतल्या युकॅलिप्टॉलने गार वाटवून दाखवलं. माझा बाम चाळीस रुपयांचा, ना बॅटरी ना पंखा, आणि मे महिन्यात पट्ट्यापेक्षा चांगला चालला. अडचण एकच, ज्वालामुखीपाशी पोचलो तरी मनगट गारच, बंद करायचं बटण नाही.

इथवर वाचून वाटेल पैसे पाण्यात. मलाही तसंच वाटत होतं, पण पाऊस लागला, खोली २८ वर आली आणि तीच वस्तू वेगळीच वागायला लागली. मध्ये एक अपडेट पण आलं, आता थंडी एकसारखी न देता थांबून थांबून देतात, आणि ते बरोबर आहे कारण कातडीला बदल कळतो, एकसारखं गार ठेवलं की थोड्या वेळानं काहीच जाणवत नाही. गेममध्ये ओढ्यात हात घातला आणि अंगावर काटा आला राव, खोटं नाही सांगत. पुतण्याला दिलं तर तो ओरडलाच, "काका, हे तं खरंच गार आहे!" गरम मात्र अजूनही उशिरा जाणवतं. त्यात सगळा दोष पट्ट्याचा नाही, उष्णतेचा निरोप नेणाऱ्या नसाच थंडीवाल्यांपेक्षा स्लो असतात.

आता मुद्द्याचं. हवा २८ डिग्री आणि ह्युमिडिटी ८० टक्के असेल तर २४ च्या आसपासच दव धरायला लागतं. पट्ट्याची प्लेट जाते विसाच्या खाली. मग थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून पाणी सुटतं तसं त्या प्लेटलाही सुटणारच ना! ते पाणी कडेच्या रबरातून आत, आणि एक दिवस डावा पंखा बंद. मी पट्टा नळाखाली धरला नाही, पावसात नेला नाही, पाणी त्यांच्याच प्लेटनं बनवलं आणि त्यांच्याच पंख्याला पाजलं. फोनवर म्हणतात घाम असेल सर. अरे, मग हातावर बांधायची वस्तू घामाला घाबरते हे बॉक्सवर लिहा की! मॅन्युअलमध्ये ह्युमिडिटीबद्दल एक ओळ नाही, पूर्ण वाचलंय मी. नवीन डाव्या युनिटचं कोटेशन अकरा हजार, जीएसटी वेगळा, कुरियरही माझ्याच खिशातून.

पट्टा परत मागवून सीताबर्डीत मोबाइल रिपेअरवाल्याकडे नेला, सील तसंही सर्व्हिसवाल्यांनी तोडलेलंच होतं. त्यानं उघडून बघितलं आणि म्हणाला, "भाऊ, हे तं पाणी थंड करायच्या मशीनमधली चिप आहे, कितीले घेतलं?" मी किंमत सांगितली नाही. दीडशेचा पंखा, थर्मल पेस्ट, कडेला थोडं सिलिकॉन, पट्टा चालू. आवाज आधीपेक्षा जास्त येतो, पण हवा पण जास्त फेकतो.

घ्यायचा का? एसीची खोली असेल तर घ्या. कूलरवाल्यांनी नका घेऊ, कूलर हवा गार करतो पण ओली करून, म्हणजे परत तेच दव. थंडीच्या दिवसात गरम बाजू मस्त चालेल असं वाटतंय, कारण तेव्हा चिपची वाया जाणारी वीजही कामालाच येते. सपोर्ट करणारे गेम बोटांवर मोजण्याइतके, ते धरून चाला. आणि खेळून झालं की दोन-तीन मिनिटं गरम मोडवर ठेवून प्लेट सुकवा, मगच बॉक्समध्ये टाका, हे कंपनी सांगत नाही.

ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार टाकलीय, मॅन्युअलचे फोटो जोडून. काय होतं ते इथंच अपडेट करीन. तोवर कोणाकडे असाच बिघडलेला पट्टा पडून असेल तर मेसेज करा, स्पेअरसाठी घेईन, पण भंगाराच्या भावात.