म्हशीला इंजेक्शन: १९७० च्या शेव्हेलचा कार्बोरेटर उतरवला त्याची गोष्ट

आमच्याकडे १९७० ची शेव्हरले शेव्हेल आहे. काळी, रुंद, मागून बघितली तर नुकती डोहातून उठल्यासारखी. बायकोने पहिल्याच दिवशी तिचं नाव म्हैस ठेवलं आणि तेच राहिलं. एसएस, म्हणजे जोरदार स्पोर्टी आवृत्ती नाही, साधी मालिबू; ३५० क्युबिक इंच, म्हणजे ५.७ लिटरचं व्ही-८ इंजिन आणि टर्बो ३५० ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. गेल्या सप्टेंबरात तिचा कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग, उतरवून कॉम्प्युटरने मोजून पेट्रोल फवारणारं इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शनचं, ईएफआयचं, किट बसवलं. त्याला आता दहा महिने आणि अठ्ठावीसशे मैल झाले. तेव्हापासून भेटेल तो विचारतो, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी निकाल. थंडीत चालू होणं आणि घाट चढणं यात पैकीच्या पैकी. मायलेजमध्ये काठावर पास. खोक्यावर छापलेल्या 'एका शनिवारात बसवा' या वाक्याला शून्य. मला सात शनिवार लागले.

कार्बोरेटर वाईट होता म्हणून काढला, असं नाही. रॉचेस्टर क्वाड्राजेट होता. पुढची दोन भोकं बारीक, मागची दोन भलीमोठी. हळू चालवा, हिशेबाने पितो. पाय पूर्ण दाबा, मागची झाकणं उघडून असा हंबरतो की म्हैस हे नाव सार्थ होतं. सात वर्षांत मला तो बऱ्यापैकी जमलाही होता. अडचण आमच्या पत्त्याची होती. मी राहतो डेन्व्हरला, समुद्रसपाटीपासून ५,२८० फुटांवर, आणि सुट्टीच्या दिवशी गाडी जाते ती आणखी वर. कार्बोरेटरच्या गळ्यातून हवा जोरात गेली की तिथला दाब पडतो आणि त्या फरकाने जेटमधून, म्हणजे बारीक छिद्रातून, पेट्रोल ओढलं जातं, एवढंच त्याला ठाऊक. हवा विरळ झाली म्हणून पेट्रोल त्याच मापात कमी करावं, हे त्याच्या गावी नाही. त्यामुळे जसजसे वर जाल तसं मिक्स्चर रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. घाटासाठी जेट बारीक केले की कॅन्ससच्या सपाटीवर उतरल्यावर गाडी उपाशी, झटके खाते.

दुसरं कारण थंडी. दोन आठवडे उभी राहिली की कार्बोरेटरच्या फ्लोटच्या वाटीतलं, म्हणजे त्याच्या छोट्या साठ्यातलं, पेट्रोल उडून जायचं. मग दहा सेकंद सेल्फ मारा, थांबा, पाय दोनदा दाबा, पुन्हा मारा. एकदा जास्त दाबला गेला की ओव्हर. मग झाकण उघडून वाट बघत बसा. सांगलीत वडील सकाळी स्कूटर आडवी कलती करायचे, सरळ करायचे आणि किक मारायचे. दीड टनाच्या गाडीला ती सोय नाही.

किट कोणत्या कंपनीचं ते लिहीत नाही. या दरातली तीन-चार किटं मी बारकाईने पाहिली, रचना सगळ्यांची जवळपास सारखीच. कार्बोरेटरच्याच आकाराची थ्रॉटल बॉडी, तिच्यात चार इंजेक्टर, कुशीला चिकटवलेला छोटा कॉम्प्युटर, मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधला) दाब मोजणारा सेन्सर, सायलेन्सरच्या पाइपात बसवायचा वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर, तारांचा झुपका आणि हातात धरायचा पडदा, म्हणजे छोटा स्क्रीन. पडद्यावर इंजिनचा आकार, सिलिंडर किती, कॅमशाफ्ट कसा, एवढं भरलं की गाडी चालू होते. वर एअर क्लीनर ठेवला की पाहुण्यांना पत्ताही लागत नाही. माझा मॅनिफोल्ड क्वाड्राजेटच्या लहान-मोठ्या भोकांचा, किट चौकोनी बैठकीचं, म्हणून मध्ये अडॅप्टर प्लेट घालावी लागली आणि सगळं इंचभर उंच झालं. बॉनेटला लागतं का हे बघायला एअर क्लीनरवर कणकेचा गोळा ठेवला, बॉनेट बंद केलं, उघडलं आणि चपटा झालेला गोळा मोजला. चौदा मिलिमीटर. बायकोने विचारलं, कणीक पुन्हा डब्यात टाकणार आहेस का.

थ्रॉटल बॉडी बसवायला तीन तास लागले. उरलेले साडेसहा शनिवार बाकीच्या गोष्टींनी खाल्ले, आणि या परीक्षणातला खरा मजकूर तोच आहे.

पहिली गोष्ट, टाकी. जुना मेकॅनिकल पंप पाच-सात पीएसआय दाबाने पेट्रोल ढकलायचा. या किटला ५८ पीएसआय लागतं. म्हणजे इलेक्ट्रिक पंप आला, उरलेलं पेट्रोल टाकीत परत नेणारी दुसरी नळी आली. मी कंजूषपणा केला. चॅसीला बाहेरून लावायचा ११० डॉलरचा पंप घेतला. तो रातकिड्यासारखा किरकिरायचा, ते एक वेळ चाललं असतं. पण टाकी निम्मी असताना उजवीकडे वळलं की पेट्रोल एका कोपऱ्यात पळायचं, पंप हवा ओढायचा आणि गाडी चौकात खोकायची. कार्बोरेटरच्या काळात हे कधी कळलं नाही, कारण फ्लोटच्या वाटीत तेवढ्यापुरता साठा असायचा. इंजेक्शनकडे असा डबा नसतो; अर्धा सेकंद पेट्रोल नाही म्हणजे नाही. शेवटी आत पेट्रोल अडवणारे आडोसे आणि आतच बुडालेला पंप असलेली नवी टाकी घेतली. पंप पेट्रोलमध्ये बुडून राहिला की थंडही राहतो आणि गप्पही. तेव्हा पहिल्या दिवसापासून टाकी धरूनच बजेट मांडा. आणि रबरी नळीवर ३०आर९ छापलेलं असेल तीच घ्या. कार्बोरेटरची जुनी नळी इथे चालत नाही. तापलेल्या इंजिनवर ५८ पीएसआयची पिचकारी कुणालाच नको.

दुसरी गोष्ट, वायरिंग. कॉम्प्युटरची प्लस आणि अर्थिंगची तार थेट बॅटरीवर घ्यायची, वाटेत कुठे चिकटवायची नाही. चावीवर चालू होणारी तिसरी तार मी फ्यूज बॉक्सवर हीटरच्या जागी लावली. टेस्टर लावून बघितलं, बारा व्होल्ट, खूश झालो. आणि गाडी सुरू होईना. सेल्फ मारला की नुसती फिरते, चावी सोडली की एकदा फुरफुरते. अर्धा दिवस गेल्यावर उजेड पडला: सेल्फ फिरत असताना ती जागा मरते, आणि नेमका तेव्हाच कॉम्प्युटर झोपतो. तार हलवली, पहिल्या झटक्यात चालू.

मग पडद्यावर आकडे नाचायला लागले. गाडी स्लोवर शांत उभी आणि पडदा म्हणतो चार हजार आरपीएम. दोष जुन्या इग्निशनचा. माझ्याकडे अजून पॉइंटचा डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटणारा भाग) आणि सरळ तांब्याच्या गाभ्याच्या प्लगच्या तारा होत्या. त्यातून निघणारा विजेचा गोंधळ कॉम्प्युटरला खरी खबर वाटत होता. जनरल मोटर्सने सत्तरच्या दशकाच्या मध्यात आणलेल्या एचईआय या बिनपॉइंटच्या इलेक्ट्रॉनिक इग्निशन पद्धतीचा डिस्ट्रिब्युटर बसवला, प्लगच्या तारा पिळाच्या गाभ्याच्या घेतल्या आणि किटचा झुपका त्यांच्यापासून लांब, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) दुसऱ्या बाजूने नेला. त्या झुपक्याला सोवळंच पाळावं लागतं, शिवाशिव झाली की बिघडलं.

जाता जाता: क्रायस्लरने १९५८ मध्येच बेंडिक्सचं इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन मोजक्या गाड्यांवर दिलं होतं. त्या काळच्या इलेक्ट्रॉनिक्सला ते पेललं नाही आणि त्यातल्या बहुतेक गाड्यांवर पुन्हा कार्बोरेटर बसवले गेले. मी केलं त्याच्या बरोब्बर उलटं.

आता 'सेल्फ लर्निंग' बद्दल. खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात हेच असतं. गाडी चालवत राहा, ती आपोआप शिकते. शिकते, खोटं नाही. सायलेन्सरमधला सेन्सर किती ऑक्सिजन उरला ते सांगतो, कॉम्प्युटर ठरवलेल्या हवा-पेट्रोलच्या प्रमाणाशी ताडून पेट्रोल कमी-जास्त करतो आणि लक्षात ठेवतो. माझ्याकडे एका भाग पेट्रोलला हवेचे भाग स्लोवर १३.५, रस्त्यावर १४ च्या आसपास, पाय पूर्ण दाबला की १२.५. पण हा विद्यार्थी एकच पुस्तक वाचतो, आणि पुस्तकात चूक असेल तर चूकच पाठ करतो.

ऑक्टोबरात माझी गाडी काळा धूर टाकायला लागली. पडदा म्हणत होता लीन आहे, म्हणजे पेट्रोल कमी, वाढवतोय. प्लग काढले तर आठही काजळीने माखलेले. दोन शनिवार मी पडद्यावरचे आकडे बदलत बसलो. समोरच्या घरात एक निवृत्त मेकॅनिक राहतात, ऐंशीच्या पुढचे, इंजेक्शन त्यांना मुळीच मान्य नाही. ते रस्ता ओलांडून आले, मिनिटभर कान देऊन उभे राहिले आणि म्हणाले, टिकटिक ऐकू येत नाही का तुला? एक्झॉस्टचं पॅकिंग गेलं होतं. सायलेन्सरमध्ये धूर ठोक्या-ठोक्याने येतो, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला तो ऑक्सिजन दिसतो, तो म्हणतो पेट्रोल कमी पडतंय, आणि कॉम्प्युटर इमानेइतबारे ओततच राहतो. फट शोधायला उदबत्ती धरावी असं मनात आलं होतं, पण पेट्रोलजवळ विस्तव नको. इंजिन बंद ठेवून व्हॅक्यूम क्लीनरची उलटी हवा मागच्या पाइपातून सोडली आणि जोडांवर भांड्याच्या साबणाचं पाणी मारलं. तिसऱ्या सिलिंडरपासून मागे मोजत गेलो तर शेवटच्या जोडावर बुडबुडे. अकरा डॉलरचं पॅकिंग. दोन दिवसांत प्लग बदामी.

त्या सेन्सरचं आणखी एक. तो बसवायची चकती पाइपाच्या वरच्या अर्ध्या भागात, आडव्या रेषेच्या थोडी वर वेल्ड करायची असते. मी ज्या गॅरेजला पाइप दिला त्यांनी सोयीची म्हणून खालच्या बाजूला लावून दिली, आणि मीही बघितलं नाही. थंडीत पाइपात पाणी साचतं. तापलेल्या सेन्सरवर ते आलं आणि सेन्सर मेला. नवा सेन्सर, नवी चकती, शिवाय जुनं भोक बुजवायचे पैसे. वेल्डिंग होताना शेजारी उभे राहा.

एवढं झाल्यावर मिळालं काय? जानेवारीत उणे चौदा अंशाला, तीन आठवडे हात न लावलेली गाडी. चावी फिरवली, दोन सेकंद पंपाची गुणगुण, सेल्फ, चालू. पायाला काम नाही. स्लो स्वतःहून चढलेला, इंजिन तापेल तसा हळूहळू ७५० वर उतरलेला. मी गॅरेजमध्ये उगीचच उभा राहिलो थोडा वेळ.

मग मेमध्ये लव्हलँड पास, ११,९९० फूट. आयझेनहॉवर बोगद्यात ज्वलनशील माल नेता येत नाही म्हणून पेट्रोलचे टँकर याच घाटाने जातात, आणि माझ्या नशिबी दर वेळी एक टँकर पुढे असतोच. कार्बोरेटर असताना ताशी पंधरा मैलांनी त्याच्या मागे रांगत गेलं की वळणावर इंजिन घुसमटायचं, वर पोहोचेपर्यंत कपड्यांना पेट्रोलचा वास. या वेळी काही झालंच नाही. इंजिन बंद करून चावी चालू ठेवली की दाबाचा सेन्सर घरी ८३ किलोपास्कल दाखवतो. माथ्यावर त्याने ६५ दाखवले आणि मिक्स्चर जागचं हललं नाही. ताकद मात्र कमी वाटली, वाटणारच. इंजेक्शन पेट्रोल मोजून देतं, हवा कुठून आणणार? ज्यांना ताकद वाढवायची आहे त्यांनी यावर पैसे घालू नयेत.

पैशांचा हिशेब: किट १,२९०, टाकी-पंप ५४०, नळ्या आणि फिल्टर २१५, इग्निशन २६०, मोठा अल्टरनेटर १६५, वेल्डिंग आणि मेलेला सेन्सर १९०, अडॅप्टर-पॅकिंग वगैरे १२०, आणि वाया गेलेला पहिला पंप ११०. एकूण २,८९० डॉलर. मायलेज गॅलनला अकरा मैलांवरून तेरावर गेलं, म्हणजे लिटरला पावणेपाचाचे साडेपाच किलोमीटर. या दराने पैसे वसूल व्हायला माझ्या नातवाला गाडी चालवावी लागेल.

एक गोष्ट गेली, तीही सांगतो. कार्बोरेटरमध्ये कचरा आला तर रस्त्याच्या कडेला एका स्क्रूड्रायव्हरने तो मोकळा होत असे. आता डिकीत जादा रिले, फ्यूज आणि मल्टिमीटर ठेवतो, आणि कॉम्प्युटरच गेला तर टो ट्रक. क्वाड्राजेट तेल लावून, ब्रेडच्या पिशवीत गुंडाळून फडताळात ठेवलाय. दोघांनी विकत मागितला. नाही दिला.

पुण्याहून एका मित्राने विचारलं, हे किट त्याच्या पद्मिनीला बसेल का. त्याला म्हटलं, तुझं १,०८९ सीसीचं अख्खं इंजिन म्हणजे म्हशीचे दीड सिलिंडर. पंप, तारा आणि सेन्सरचं सगळं ज्ञान उपयोगी पडेल, पण ही थ्रॉटल बॉडी नाही. तू चोकच ओढ.