कॅबमध्ये जखमी झालात, आता क्लेम कुठे टाकायचा?

प्लास्टर ओलं असतानाच पहिली ऑफर येते. कॅबचा ड्रायव्हर नाहीतर गाडीमालक दवाखान्यात येतो, हात जोडतो, म्हणतो, "ताई, केस नका करू. गाडी पोलीस ठाण्यात अडकली तर हप्ते थांबतील. औषधपाण्याचं मी बघतो." माझ्या मावसबहिणीला पुण्यात असेच पंधरा हजार देऊ केले होते. मनगटाचं हाड मोडलेलं, तरी ती विरघळली होती. पैसे घेतले नाहीत ते हुशारीने नव्हे, तेवढ्यात काका पोचले म्हणून. त्यानंतर फाईल बगलेत मारून मी तिच्याबरोबर बरंच फिरलो. त्या फिरण्यात एक गोष्ट कळली: सगळ्यात जास्त पैसे कुठे मिळतात, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, की कुठला पैसा घेतला की बाकीच्यावर पाणी सोडावं लागतं?

आपसात मिटवण्याचं आधी उरकतो. एफआयआर नाही, पंचनामा नाही, तर पुढे विमा कंपनीला अपघात झाला होता हेच पटवावं लागतं. ड्रायव्हर गरीब असेल, वाईटही वाटेल. पण गाडीला वैध थर्ड पार्टी विमा असेल तर तुमची भरपाई त्याच्या खिशातून जात नाही, ती विमा कंपनी देते. हे त्यालाही सांगा, बऱ्याच जणांना माहीत नसतं.

ॲपचा विमा

बऱ्याच ॲपवर राईडबरोबर प्रवासी अपघात विमा असतो. ओलाने २०१८ मध्ये शहरातल्या राईडला एक रुपया प्रीमियम घेऊन पाच लाखांपर्यंतचं कव्हर सुरू केलं, तेव्हा लोकांना तो टिकमार्क म्हणजे उगाच कापलेला रुपया वाटायचा. तुमच्या राईडला विमा होता की नाही, कोणत्या कंपनीचा, किती रकमेचा, हे बिलात आणि ॲपमधल्या अटींत पाहा. चूक कोणाची हे इथे सिद्ध करावं लागत नाही. पण मृत्यू, कायमचं अपंगत्व, दवाखान्याचा खर्च असे ठरलेले कप्पे असतात आणि प्रत्येकाला मर्यादा असते. ॲडमिट न होता घरी पाठवलं असेल तर अनेकदा हाती फारसं काही लागत नाही.

तरीही हा क्लेम टाकाच, कारण तो दुसऱ्या कशाच्या आड येत नाही. आयुर्विम्यासारखा प्रीमियम भरून करारातून मिळालेला पैसा मोटार अपघाताच्या भरपाईतून कापायचा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्येच सांगितलं आहे. मेडिक्लेमबद्दल वाद होता. तो मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये मिटवला: मेडिक्लेममधून मिळालेली रक्कम अपघाताचे दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणाच्या भरपाईतून वजा होणार नाही. तुमचे हप्ते तुम्ही भरलेत, त्याचा फायदा समोरच्या विमा कंपनीला कशाला? एवढंच पाहा, की पैसे घेताना ज्या कागदावर सही कराल तो त्या पॉलिसीपुरताच असावा.

अडीच लाख की मोठा दावा

खरी निवड इथे आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली आणि भरपाईची नवी कलमं १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. त्यातलं कलम १६४ सरळ आहे: चूक कोणाची ते विचारायचं नाही, मृत्यू असेल तर पाच लाख, गंभीर दुखापत असेल तर अडीच लाख. 'गंभीर' या शब्दाला घाबरू नका. कायद्याच्या भाषेत हाड मोडणं, सांधा निखळणं, दात पडणं हेही गंभीर दुखापतीतच येतं.

कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, म्हणजे बोलीभाषेतल्या 'मॅक्ट'मध्ये, पूर्ण दावा लावता येतो. इथे कोणाची तरी हयगय दाखवावी लागते, साक्षीपुरावा होतो, तारखा पडतात. पण रकमेला वरची मर्यादा नाही.

फरक आकड्यांत बघा. समजा ३४ वर्षांची बाई, ब्लाउज शिवते, महिन्याला २०,००० कमावते. उजवं मनगट नीट वळत नाही आणि त्यामुळे तिची कमाईची क्षमता २५ टक्क्यांनी घटली, असं न्यायाधिकरणाने धरलं. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरून महिन्याचे २८,०००, वर्षाचे ३,३६,०००. या वयाला गुणक, म्हणजे किती वर्षांची कमाई धरायची तो ठरलेला आकडा, १६. गुणाकार ५३,७६,०००, त्याचे २५ टक्के म्हणजे १३,४४,०००. दवाखान्याचा खर्च, बुडालेली कमाई, वेदनेबद्दलची रक्कम आणि अर्जाच्या तारखेपासूनचं व्याज यात अजून धरलेलं नाही. याच बाईने अडीच लाखांवर सही केली असती तर? विमा कंपनीच्या तडजोडीच्या प्रक्रियेतून १६४ ची रक्कम स्वीकारली, की १६६ चा दावा संपतो. कायद्यातच तसं लिहिलं आहे.

आता उलट बाजू. हेअरलाइन फ्रॅक्चर, सहा आठवड्यांत प्लास्टर निघालं, आयटीतली नोकरी, पगार एक दिवसही कापला गेला नाही. त्याला १६६ खाली काय मिळेल? बिलं, थोडी वेदनेची रक्कम, बस. कमाईची क्षमता घटलीच नाही तर गुणकाला गुणायला काही उरत नाही. अशा माणसाला अडीच लाख जास्त भरतील, आणि लवकरही. अचानक आडवं आलेलं जनावर, अशा ठिकाणी जिथे कोणाचीच हयगय दाखवता येत नाही, तिथेही १६४ च बरं.

म्हणून दुखापत किती मोठी आहे यापेक्षा तुमचं काम काय आहे याने निवड ठरते. २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजय कुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दिलेलं उदाहरण लक्षात ठेवण्याजोगं आहे: डावा हात गेला तर डॉक्टरांच्या कागदावर अपंगत्व ६० टक्के. पण तो माणूस सुतार किंवा ड्रायव्हर असेल तर कमाई जवळजवळ शंभर टक्के गेली, आणि सरकारी कारकून असेल तर कदाचित काहीच गेली नाही. बहिणीच्या वेळी आम्ही अपंगत्वाच्या दाखल्यावरच्या टक्क्यांकडे डोळे लावून बसलो होतो. त्याऐवजी तिची ऑर्डरची वही, यूपीआयचे जमा झालेले पैसे, बंद झालेल्या गिऱ्हाइकांच्या साक्षी जमवण्यात तो वेळ घालवायला हवा होता.

मागच्या सीटवरच्या माणसाची एक जमेची बाजू असते, तिचा फायदा घ्या. टक्कर दोन गाड्यांची आणि दोन्ही ड्रायव्हर एकमेकांकडे बोट दाखवतायत, तर ते भांडण त्यांचं आहे. खेन्येई प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ च्या निकालानुसार, प्रवासी दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण भरपाई मागू शकतो. वाटणी ते नंतर आपसात करून घेतील. म्हणून दोन्ही गाड्यांचे मालक आणि दोन्ही विमा कंपन्या प्रतिवादी करा. ॲप कंपनीलाही जोडता येईल, पण ती 'आम्ही फक्त प्रवासी आणि चालक यांची गाठ घालून देतो' असं म्हणणार. तिच्यावर सगळी भिस्त ठेवू नका.

तडजोड कधी?

विमा कंपनीचा नेमलेला अधिकारी न्यायाधिकरणापुढे तडजोडीचा आकडा ठेवतो. कायद्यात त्याला तीस दिवसांची मुदत आहे. मान्य केलात तर पैसे पुढच्या तीस दिवसांत, नाकारलात तर दावा गुणवत्तेवर चालतो. नाकारल्याने काही बिघडत नाही, म्हणून पहिल्याच आकड्याला मान डोलावू नका. लोकअदालतही चांगली, लवकर निकाल लागतो. पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. माझं मत स्पष्ट आहे: रॉड काढायचं ऑपरेशन बाकी असताना, अपंगत्वाचा दाखला हातात नसताना तडजोड करू नका. सांधा किती वळणार हे डॉक्टरला कळलं नाही, तोवर तुमच्या सहीची किंमत तुम्हालाही कळलेली नसते.

ग्राहक मंचाचं काय?

हा सल्ला सर्रास मिळतो, आणि दुखापतीच्या भरपाईपुरता तो चुकीचा आहे. वाहन अपघाताचा दावा मॅक्टकडेच न्यायचा, ग्राहक मंचाला तो अधिकार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच ठरवलं. मात्र ॲपच्या विम्याचा किंवा तुमच्या मेडिक्लेमचा क्लेम नाकारला गेला, तर ग्राहक आयोगाकडे (मंचाचं आताचं नाव) दोन वर्षांत जाता येतं. त्याआधी विमा लोकपालाकडे तक्रार करून पाहा. नकारापासून एक वर्षाची मुदत असते, फी नाही, वकील लागत नाही. मुंबईत आणि पुण्यात कार्यालय आहे.

पांढऱ्या पाटीची गाडी

इथे सगळं गणित डळमळतं. पिवळ्या पाटीच्या टॅक्सीत किंवा ॲपवरून बोलावलेल्या रिक्षात प्रवासी थर्ड पार्टी विम्यात येतोच. परमिट किंवा लायसन्समध्ये गडबड निघाली तरी बहुतेकदा न्यायाधिकरण 'आधी प्रवाशाला द्या, मग मालकाकडून वसूल करा' असा आदेश देतं. खाजगी पाटीच्या बाईकवर मागे बसला असाल, तर नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत मागचा माणूस येत नाही, हे २००६ पासून ठरलेलं आहे. कारच्या फुल इन्शुरन्समध्ये आत बसलेला येतो, पण भाडं घेतलं होतं म्हणून कंपनी अटीभंगावर बोट ठेवणार. अशा राईडमध्ये ॲपचा विमा ही दुय्यम गोष्ट राहत नाही, कधीकधी तोच एक खात्रीचा पैसा ठरतो.

कॅबला ठोकून पळालेली गाडी सापडलीच नाही, तर हिट अँड रनच्या सरकारी योजनेत गंभीर दुखापतीला ५०,००० मिळतात. त्याआधी आपल्या ड्रायव्हरचीही काही चूक होती का हे तपासा. असेल तर १६६ चा रस्ता उघडा आहे. ऑफिसच्या कॅबमध्ये अपघात झाला आणि कामगार भरपाईचाही हक्क लागू होत असेल, तर दोन्हींपैकी एकच निवडावा लागतो.

पहिल्या आठवड्यातली कामं

दवाखान्यात पहिल्याच मिनिटाला 'रस्ता अपघात' असं सांगा, म्हणजे एमएलसी, अर्थात पोलिसांना कळवायच्या केसची दवाखान्यातली नोंद, होईल. मे २०२५ मध्ये आलेल्या केंद्राच्या योजनेत अपघातापासून सात दिवस, दीड लाखांपर्यंत कॅशलेस उपचार आहेत, तेही विचारा. ॲपवरचं ट्रिपचं बिल, नकाशा, गाडीचा नंबर, ड्रायव्हरचं नाव यांचे स्क्रीनशॉट त्याच संध्याकाळी काढा. नंबर टाकून एमपरिवहन या सरकारी ॲपवर विमा चालू आहे का पाहा. एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, प्रत्येक बिल आणि अगदी फिजिओथेरपीला गेलेल्या रिक्षाची पावतीसुद्धा ठेवा.

पोलिसांनी ४८ तासांत पहिला आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला पाठवायचा असतो, आणि तोच अहवाल दाव्याचा अर्ज म्हणून चालू शकतो. तरी त्यावर विसंबू नका, स्वतःचा अर्ज टाका. मुदत अपघातापासून सहा महिने आहे. त्या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान आहे आणि नोव्हेंबर २०२५ च्या अंतरिम आदेशाने उशिराचे दावे फेटाळण्याला तूर्त आळा बसला आहे. पण दुसऱ्याच्या खटल्यातल्या अंतरिम आदेशावर कोणी आपली फाईल ठेवतं का?

अपघात पुण्यात आणि घर लातूरला, तर दावा लातूरलाही लावता येतो. हे आम्हाला कळलं तोवर बहिणीच्या एसटीच्या तिकिटांचाच एक गठ्ठा झाला होता. वकील 'मिळालेल्या रकमेचे इतके टक्के' म्हणाला तर बार कौन्सिलच्या नियमांत ते बसत नाही, फी आकड्यात ठरवून लिहून घ्या. आणि जखमी बाई असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, उत्पन्नाचा दाखला न मागता.