680 ग्रॅमची स्लीपिंग बॅग

आकडा आधीच सांगून टाकते. पाठीवरच्या सामानाच्या खरेदीत मी फसले, 42,359 रुपयांना. चार हप्त्यांत, चारही वेळा माझ्याच फोनवरून, माझ्याच बोटानं पिन दाबून. कुणी ओटीपी काढून घेतला नाही, लिंक पाठवली नाही, 'डिजिटल अरेस्ट' केली नाही. आणि मी बँकेत 29 वर्षं काढली आहेत. त्यातली शेवटची सहा तर काउंटरवर बसून "काका, अनोळखी माणसाला असे पैसे पाठवायचे नसतात हो" हे सांगण्यात गेली. म्हणून हे लिहायला दोन महिने लागले. घरी अजून 30,000 असाच आकडा सांगितलेला आहे.

नर्मदा परिक्रमा पायी करायचं तीन वर्षांपासून डोक्यात होतं. निवृत्ती झाली, लेकीचं लग्न झालं, आता कार्तिकी एकादशीनंतर ओंकारेश्वरहून परिक्रमा उचलायची असं मी आणि मावसबहिणीनं ठरवलं. नदीच 1312 किलोमीटरची. दोन्ही काठ धरले की 2600 च्या वर, आणि आडवाटा धरून चालणारे 3000 च्या पुढेच सांगतात. वय 57, वजन 56 किलो, उजवा गुडघा नावापुरता. डॉक्टरांनी एवढंच सांगितलं, "चाला, पण पाठीवर कमी घ्या." मी पाणी सोडून सहा किलोच्या आत बसवायचं ठरवलं. तंबू लागत नाही. आश्रम, धर्मशाळा, देवळाची ओसरी, कुठेतरी आसन लागतंच. पण डिसेंबर-जानेवारीत उघड्या ओसरीवर गारठा हाडांत शिरतो, त्यामुळे स्लीपिंग बॅग, मॅट, पोंचो आणि हे सगळं मावेल अशी सॅक हवीच.

घरातली जुनी सॅक रिकामीच दोन किलोला दहा ग्रॅम कमी भरली. तिथून वेड लागलं. चार महिने मी दुसरं काही वाचलं नाही. टूथब्रशचा दांडा कापणाऱ्यांना हसायचे, मग एक दिवस स्वतःच कापला. डाउन म्हणजे काय, 800 फिल पॉवर म्हणजे काय, हे शिकले (एक औंस डाउन, म्हणजे पक्ष्यांची मऊ पिसं, फुलून 800 घन इंच जागा व्यापतात, एवढंच ते). बॅगेवर तापमानाचे तीन आकडे असतात, कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम, हेही शिकले. हे अशासाठी सांगते की लोक म्हणतात, "माहिती काढायची होती ना आधी." काढली होती. त्या माणसाशी मी फिल पॉवरवर वीस मिनिटं बोलले आहे, आणि तोही बोलला आहे. माहिती नसलेला गिऱ्हाईक बाजारातली दोन हजारांची बॅग घेऊन मोकळा होतो. असल्या जाळ्यात अर्धवट माहितीचेच सापडतात.

तो भेटला परिक्रमावाल्यांच्या एका ग्रुपवर. फोन उचलला की पहिला शब्द "नर्मदे हर ताई". प्रोफाइलला ओंकारेश्वरचा घाट. मराठी आपल्यासारखं, थोडं नगरकडचं. म्हणाला, मीही पायी केली आहे, याच सॅकवर केली, बाहेरून माल आणतो, धंदा म्हणून नाही, नर्मदा मैयाची सेवा म्हणून आणतो. यादी पाठवली. सॅक 890 ग्रॅम, 14,500. डाउन स्लीपिंग बॅग 680 ग्रॅम, 18,900. फुगवायची मॅट 380 ग्रॅम, 6,200. पोंचो 210 ग्रॅम, 2,400. एकूण 42,000, पण "परिक्रमावासींना" 34,500.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे, तरी आकडे लिहिते. निम्मे आगाऊ, 17,250. आठ दिवसांनी माल कस्टममध्ये अडकला, ड्युटी 4,860. मग पाठवण्याआधी उरलेले 17,250. वर पार्सलचा विमा 2,999, तो म्हणे माल पोचला की परत. बेरीज करून बघा. साडेसात हजारांची सवलत घेऊन मी मूळ किमतीपेक्षा 359 रुपये जास्त दिले.

पहिल्या हप्त्याला फोनवर भलत्याच माणसाचं नाव आलं. विचारलं तर, "आमच्या अकाउंटंटचं खातं आहे ताई." पैसे पाठवताना स्क्रीनवर येणारं ते नाव शोभेला नसतं. बोलणारा एक आणि नाव दुसऱ्याचं असेल तर तिथेच फोन खाली ठेवा. मी मात्र नाव बघितलं आणि पुढे गेले.

पण मला रात्री जाग येते ती त्या नावामुळे नाही. पुलामुळे येते.

तिसऱ्या हप्त्याच्या संध्याकाळी त्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. फोन स्पीकरवर, ओट्यावर. पैशांचं बोलणं झालं आणि मी सहज विचारलं, परीक्षा घ्यायला नाही, ऐकायची हौस म्हणून, "समुद्र कसा वाटला हो?" तो क्षणभर गप्प. मग म्हणाला, "कुठला समुद्र?" मी म्हटलं, "अहो, पलीकडच्या काठावर जाताना." तर हसून म्हणाला, "अच्छा, ते होय! भरूचला मोठा पूल आहे ना ताई, त्यावरून गेलो. मस्त वारा लागतो."

ज्यांना कळलं त्यांना कळलं. इतरांसाठी सांगते. परिक्रमेत मैया ओलांडायची नसते. ती सतत उजव्या हाताला ठेवायची, दक्षिण काठानं थेट मुखापर्यंत जायचं, तिथे नावेत बसून समुद्रातून मिठी तलाईला उतरायचं आणि उत्तर काठानं परत फिरायचं. नावेसाठी, भरतीसाठी लोक तिथे ताटकळत बसतात. गाडीनं करणारेसुद्धा स्वतः नावेत बसतात आणि बस रिकामी पुलावरून पाठवतात. भरूचच्या पुलावरून पायी गेलेल्या माणसाची परिक्रमा तिथेच मोडली. हे मला माहीत होतं. परिक्रमेवरची पुस्तकं माझ्या उशाशी होती. मेथीची काडी हातात तशीच राहिली, हे मला लख्ख आठवतं. पोटात काहीतरी हललं, तेही आठवतं.

आणि मी म्हणाले, "हो का."

नंतर स्वतःला काय काय समजावलं! होडी बंद असेल. आजारी पडला असेल, लाजेनं सांगत नसेल. गाडीनं केली असेल आणि फुशारकी म्हणून पायी सांगत असेल. देवाच्या कामात आपण कशाला शंका काढा. 7 वाजून 40 मिनिटांनी 17,250 रुपये पाठवले आणि कणीक भिजवायला घेतली. म्हणजे तोवर 22,110 गेलेच होते, ते बुडू नयेत म्हणून पुढचे घातले, हे खरं कारण. काउंटरवर हेच वाक्य मी किमान पन्नास जणांच्या तोंडून ऐकलं असेल.

पार्सल मात्र आलं. इथेच तो हुशार. काही आलंच नसतं तर आज माझी केस सरळ असती.

खोका उघडला तेव्हा वरवर सगळं देखणं होतं. उचलल्यावर हाताला कळलं. स्वयंपाकघरातला पाच किलोचा काटा काढला. सॅक 1720. स्लीपिंग बॅग 1340. मॅट 610. पोंचो 340. सांगितलेलं वजन 2160, प्रत्यक्षात 4010. बॅगेच्या शिवणीला असलेल्या पट्टीवर '680 ग्रॅम' असा स्टिकर होता, एक कोपरा सुटलेला. नखानं ओढला तर खाली मूळ छापील अक्षरांत 1350. म्हणजे ज्या कुणी ती बनवली त्यानं बिचाऱ्यानं खरं लिहिलं होतं. शिवण दोन बोटं उसवली. आत पिसं नव्हती, उशीत असतो तसला पांढरा कापूस, पॉलिस्टरचा. चिमूटभर गॅसवर धरला. पीस जळलं तर केस जळल्यासारखा वास येतो. याची काळी कडक गोळी झाली आणि प्लास्टिकचा वास घरभर पसरला.

त्यानं पाठवलेला सॅकच्या वजनाचा व्हिडिओ मग परत पाहिला. काट्यावर 890 खरंच दिसतं. पण त्या सॅकला कमरेचा पट्टा नाही, पाठीची फ्रेम नाही, वरची टोपी नाही. मी तो व्हिडिओ आधी बहिणीला, लेकीला, योगाच्या बाईंना, सगळ्यांना कौतुकानं दाखवला होता. एकीलाही पट्टा आठवला नाही. वजनाचा व्हिडिओ मागाल तेव्हा रिकाम्या काट्यावरचा शून्य आधी दाखवायला सांगा, मग सॅक पूर्ण सामानानिशी ठेवायला सांगा, आणि मधे व्हिडिओ तुटता कामा नये.

मी फोन केला. "ताई, हवेतल्या ओलाव्यानं वजन वाढतं," म्हणाला. सप्टेंबर होता, ओलावा असेलही, पण एकट्या स्लीपिंग बॅगेची वाढ 660 ग्रॅम! मग "तपासतो" म्हणाला. मग ब्लॉक.

आता पुढचं. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला, फोन लावला, तक्रार नोंदली गेली, क्रमांक मिळाला. पण शेवटचा हप्ता जाऊन अकरा दिवस झाले होते. तोवर खात्यात काय राहणार? तुम्हाला संशय आला तर त्याच तासाला लावा, घरच्यांना सांगायचं कसं हे नंतर ठरवा. मी दोन दिवस त्यातच घालवले.

माझ्या बँकेत (जिथे नोकरी केली ती नव्हे, देवाची कृपा) समोर लेकीच्या वयाची मुलगी. "मॅडम, ट्रॅन्झॅक्शन तुम्हीच ऑथोराइज केलंय." मला ठाऊक होतं ते. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानं ग्राहकाला संरक्षण दिलं ते त्याच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारात. हे मी स्वतः लोकांना समजावलेलं. पण समोरचं खातं गोठवण्याची विनंती तरी पाठवा म्हटलं, तर "मेल करून ठेवा." मेल केला. उत्तर आलं की तुमचा अनुभव कसा होता, एक ते पाच तारे द्या.

पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी गणपतीचाच बंदोबस्त. तिसऱ्या दिवशी हवालदारांनी सगळं ऐकलं, बॅगेकडे पाहिलं, दाबून पाहिलं आणि म्हणाले, "माल मिळाला ना? मग फसवणूक कुठे? ग्राहक कोर्टात जा." मी म्हटलं, अहो, स्टिकर चिकटवून खोटं वजन लिहिलंय, ही फसवणूक नाही तर काय? भारतीय न्याय संहितेचं कलम 318 प्रिंट काढून नेलं होतं, तेही दिलं. त्यांनी ते टेबलाच्या काचेखाली सरकवलं. बहुधा अजून तिथेच असेल.

ग्राहक हेल्पलाइन 1915 ला विचारलं. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, हे खरं. पण समोरच्याचं नाव-पत्ता लागतो. पार्सलवरचा पत्ता एका गाळ्याचा. भाच्याला पाठवलं, तो त्या संकुलात जाऊन आला. गाळे 40 पर्यंत, पत्त्यावर 52. परत पोलीस ठाण्यात. "पत्ता तुम्हीच काढा, मग बघू." आयोग म्हणतो पत्ता आणा, पोलीस म्हणतात आयोगात जा, आणि जिच्याकडे पत्ता आहे ती खातेदाराची बँक दुसऱ्या राज्यात बसून म्हणते, पोलिसांचं पत्र आणा. या त्रिकोणात मी पाच फेऱ्या मारल्या. रिक्षाचे 1,140 झाले, ते वरच्या आकड्यात धरलेले नाहीत.

एकदा झीरो एफआयआरचा विषय काढला. हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यावी लागते, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173. तर बाजूला बसलेल्या एकानं विचारलं, "मावशी, एवढं सगळं घेऊन जाणार कुठे आहात?" सांगितलं. "पायी? या वयात? बसनं होते की पंधरा दिवसांत." सगळे हसले. मीही हसले, याचा मला जास्त राग आहे.

एका महिला पोलिसानं मात्र नीट बसवून अर्ज लिहून घेतला. प्रत्येक वस्तूचा काट्यावरचा फोटो, स्टिकर ओढण्याआधीचा आणि नंतरचा, चारही व्यवहारांचे क्रमांक. स्टिकर ओढण्याआधीचा फोटो माझ्याकडे नव्हता. खोका उघडताना सलग व्हिडिओ काढा, काही उचकटण्याआधी काढा. माझा व्हिडिओ एक मिनिट सव्वीस सेकंदांवर थांबतो. फोनची मेमरी भरली होती, परिक्रमेच्या व्हिडिओंनी.

परिक्रमेच्या वाटेवरच्या शूलपाणीच्या झाडीत, म्हणजे जंगलात, पूर्वी परिक्रमावासींना लुटायचे, अंगावरच्या कपड्यांसकट. ती लूट आता राहिली नाही, उलट तिथे सदावर्तं चालतात. पण लुटत तेव्हाही समोर उभं राहून लुटत असत, "नर्मदे हर ताई" म्हणत नसत.

सामान शेवटी गावातल्या दुकानातून घेतलं, काटा पिशवीत घालून नेला. दुकानदाराला वाटलं मी वजनमापवाली आहे. सॅक 1180 ग्रॅम, 3,900 रुपये. साधी न फुगणारी फोमची मॅट 290 ग्रॅम, 550 रुपये. स्लीपिंग बॅग 1050, कृत्रिम भरणाची, पण भिजली तरी थोडी ऊब राहते. बॅग घेताना कम्फर्ट आकडाच विचारा. दुकानदार एक्स्ट्रीम सांगतात, तो जेमतेम जिवंत राहण्याचा असतो. पोंचो तोच फसवणुकीतला नेतेय. 340 ग्रॅमचा आहे, पण पाणी आत येत नाही, आणि टाकवत नाही.

गेल्या सोमवारी ठाण्यातून फोन आला. अर्ज चौकशीवर आहे, जबाबासाठी बोलावू, शहराबाहेर जाऊ नका. मी विचारलं, साधारण कधी? म्हणाले, डिसेंबरात बघू. तेव्हा मी झाडीत असेन, तिथे रेंज नसते.