तेझेला आठवडाभर राहून आलो, त्याचा सविस्तर रिव्ह्यू (फ्रान्स, बर्गंडी)

जर्मनीत राहणाऱ्या आपल्या मराठी ख्रिस्ती ग्रुपमध्ये तेझेबद्दल (फ्रान्समधलं गाव, तिथल्या ख्रिस्ती मठात जगभरातले तरुण आठवडाभर प्रार्थनेसाठी येऊन राहतात) बरेच जण विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. निकाल आधीच सांगते, ज्यांना उपासना म्हणजे रविवारचा दीड तास आणि मग सोमवारपासून शनिवारपर्यंत वेगळंच आयुष्य हे खटकतं त्यांनी इथे जावंच, आणि जायचं तर पूर्ण आठवडा जावं, रविवार ते रविवार, शनिवार-रविवारची धावती भेट देऊन ही जागा कळत नाही, का ते पुढे येईलच.

आमची पार्श्वभूमी सांगायला हवी कारण त्याचा संबंध आहे. माझं माहेर नगरचं, अमेरिकन मराठी मिशनच्या प्रोटेस्टंट परंपरेतली मंडळी, घरात रोज संध्याकाळी शास्त्रवाचन (म्हणजे बायबल) आणि प्रार्थना. नवरा वसईचा कॅथलिक, त्याच्या घरी रोझरी (जपमाळेवरची प्रार्थना). लग्नाला दोन्हीकडून आशीर्वाद मिळाले पण रविवारी सकाळी कुठे जायचं हा प्रश्न आमच्या घरात कधी पूर्ण सुटलेला नाही, इथे जर्मनीतही एक रविवार इकडे एक रविवार तिकडे असंच चालतं. त्यामुळे प्रोटेस्टंट आणि कॅथलिक दोघंही एकाच मठात ब्रदर (मठवासी) म्हणून राहतात अशी जगात एक जागा आहे हे कळल्यावर जाणं भागच होतं.

थोडा इतिहास, कारण तो माहीत नसेल तर तिथलं अर्धं निसटतं. मठाचे संस्थापक ब्रदर रॉजर हे स्विस प्रोटेस्टंट, १९४० साली पंचवीस वर्षांचे असताना एकटे तेझेला आले आणि एक घर विकत घेतलं. दुसरं महायुद्ध चालू होतं, जर्मनांनी व्यापलेल्या भागाची हद्द तिथून जवळ, त्यामुळे पळून आलेल्या लोकांना, त्यात ज्यूही होते, त्यांनी घरात लपवलं, १९४२ मध्ये पकडले जायची वेळ आली तेव्हा जिनिव्हाला थांबावं लागलं आणि १९४४ मध्ये परत आले. आणि मग काय केलं तर युद्ध संपल्यावर जवळच्या छावणीत जे जर्मन युद्धकैदी होते त्यांना रविवारी घरी बोलवायला लागले. ज्यांच्यापासून लोकांना लपवलं त्यांनाच जेवायला बोलवायचं, शत्रूवर प्रीती करा हे आपण लहानपणापासून पाठ करतो ना, ते इथे ताटात वाढलं गेलं. १९४९ च्या ईस्टरला पहिल्या सात ब्रदरनी आयुष्यभराची वचनं घेतली, पुढे कॅथलिकही आले, आणि आज तीसेक देशांतले ब्रदर तिथे आहेत. मोठं चर्च आहे त्याचं नाव समेटाचं चर्च, १९६२ मध्ये पूर्ण झालं आणि ते बांधायला आले होते जर्मन तरुण, युद्धात जिथे जिथे आपल्या देशाने नुकसान केलं तिथे जाऊन काहीतरी बांधायचं अशा कामासाठी निघालेले. जर्मनीत राहून मी हे नेमकं ऐकलं नव्हतं. नंतर गर्दी मावेना म्हणून १९७१ मध्ये त्याच नव्या चर्चची पुढची भिंत पाडली आणि तंबू जोडला. चर्चची भिंत पाडायची कारण बाहेर माणसं उभी आहेत, मला तर यातच अर्धं प्रवचन दिसलं.

आता दिवस कसा असतो. सकाळी सव्वाआठला प्रार्थना, दुपारी बारा वीसला, रात्री साडेआठला. घंटा वाजायला लागल्या की सगळे हातातलं काम ठेवून चर्चकडे चालायला लागतात. आत बाकं नाहीत (कडेला बसायची सोय आहे), गालिच्यावर खाली बसायचं, जे आपल्याला अजिबात नवीन नाही, उलट युरोपियन मुलं मांडी घालताना अवघडतात. मध्ये पांढऱ्या झग्यात ब्रदर बसतात, त्यांचं तोंडही आपल्यासारखंच समोर वेदीकडे, आपल्याकडे नाही. हे मला फार आवडलं, स्टेज नाही, लीडर माईक घेऊन टाळ्या वाजवा म्हणत नाही, सगळे एकाच दिशेने बघतायत. समोर भगवे-केशरी कापडी पडदे आणि भरपूर छोट्या मेणबत्त्या.

गाणी एक-दोन ओळींची, तीच ती परत परत, पाच-सात मिनिटं. बरीचशी झाक बेर्तिए या पॅरिसच्या ऑर्गनवादकाने बांधलेली, काही लॅटिनमध्ये कारण ती कोणाचीच रोजची भाषा नाही म्हणून कोणालाच घरचा फायदा नाही. पहिल्या दिवशी नवरा म्हणाला संपत का नाहीये हे, मला मात्र लगेच घरच्यासारखं वाटलं, आमच्या नगरला ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं म्हणतात तेव्हा ध्रुवपद असंच घोळवतात, चौथ्या-पाचव्या वेळेला डोकं अर्थ लावायचं थांबवतं आणि शब्द खाली उतरतात. टिळकांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मराठी ख्रिस्ती मंडळीला हेच दिलं होतं आणि आज आपल्या तरुण मुलांना भजन म्हणजे म्हाताऱ्यांचं काम वाटतं, तर तीच मुलं इथे येऊन रात्री अकरापर्यंत बसून गातात. होय, रात्रीची प्रार्थना संपली तरी गाणं थांबत नाही, ज्यांना बसायचं ते बसतात, आणि काही ब्रदर चर्चमध्येच उभे राहतात, कोणाला काही बोलायचं असेल तर ते ऐकायला.

पण माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे शांतता. शास्त्रातला एक छोटा उतारा वाचतात, वेगवेगळ्या भाषांत, आणि मग प्रवचन नाही, आठ-दहा मिनिटं पूर्ण शांतता. हजारो माणसं आणि त्यातली बहुतेक विशी-बाविशीची, कोणी खोकलं तर ऐकू येतं. आमच्या परंपरेत प्रवचन हा उपासनेचा कणा, पाळकांनी वचन उलगडून सांगायचं आणि आपण घरी जाताना आज चांगलं झालं किंवा लांबलं एवढं बोलायचं. इथे वचन तुमच्या हातात दिलं जातं आणि बाकी सगळे बाजूला होतात. पहिले दोन दिवस मला आतून नुसता ऑफिसचा गोंगाट ऐकू येत होता, नंतर तोही कमी झाला आणि सकाळच्या उताऱ्यातलं एखादं वाक्य दुपारी भांडी घासताना अचानक वर यायला लागलं.

भांडी घासण्याचं सांगते कारण त्याशिवाय रिव्ह्यू पुरा होणार नाही. तेझेला पाहुणा कोणी नाही, प्रत्येकाला काम मिळतं, स्वयंपाक, वाढप, झाडू, टॉयलेट साफ करणं, नवीन आलेल्यांना जागा दाखवणं. आमच्याकडे भांडी आली, मोठमोठी पातेली, लांब हातमोजे, एका बाजूला पोलंडचा विद्यार्थी, दुसऱ्या बाजूला पोर्तुगालची नर्स. सकाळची प्रार्थना चुकवली तरी कोणी विचारत नाही पण कामाला नाही गेलात तर दुसऱ्याच्या अंगावर पडतं, हे लगेच कळतं. ब्रदर रॉजरनी आपल्या ब्रदरसाठी जो नियम लिहिला त्यात काम आणि विश्रांती दोन्ही देवाच्या वचनाने जिवंत व्हावीत असं म्हटलंय, आणि आनंद, साधेपणा, दया हे तीन शब्द धरून ठेवायला सांगितलेत. वाचायला सोपं आहे, पण तिथे तुम्ही दिवसातून तीन वेळा चर्चमधून थेट मोरीत आणि मोरीतून थेट चर्चमध्ये जाता तेव्हा दोन्हीमधली भिंतच उरत नाही. हातांना साबणाचा वास असतानाच प्रभूची प्रार्थना म्हटली जाते आणि रोजची भाकर आज आम्हाला दे हे म्हणताना ती भाकर कोणी वाढणार आहे त्याचा चेहरा माहीत असतो.

जेवण. अगदी साधं. सकाळी पाव, लोणी आणि चॉकलेटच्या दोन कांड्या (पावात घालून खायच्या), चहा कान नसलेल्या वाडग्यात. दुपारी-रात्री एक गरम पदार्थ, पाव, फळ. काटा-सुरी नाही, फक्त चमचा. तिखटाची सवय असलेल्यांनी शेंगदाण्याची चटणी न्यावी, आम्ही नेली होती आणि ती टेबलावर फिरत फिरत संपली. राहायला साध्या बराकी, बंक बेड, किंवा स्वतःचा तंबू. स्लीपिंग बॅग आपली आपण न्यायची. ज्यांना स्वतंत्र बाथरूम हवीच त्यांनी जवळ क्ल्युनीत हॉटेल घ्यावं, पण मग अनुभव वेगळा होईल हे नक्की.

आठवड्याची रचना कळली की पूर्ण आठवडा का म्हणते ते समजेल. शुक्रवारी संध्याकाळी क्रुसाभोवतीची प्रार्थना, क्रूस आडवा खाली ठेवतात, लोक गुडघ्यावर सरकत सरकत जातात आणि लाकडावर कपाळ टेकवतात, आपलं जे काही ओझं आहे ते तिथे ठेवायचं. रांग खूप लांब असते, कोणी घाई करत नाही. शनिवारी रात्री पुनरुत्थानाची प्रार्थना, प्रत्येकाच्या हातात मेणबत्ती, एका ज्योतीवरून दुसरी पेटत पेटत सगळं चर्च उजळतं. रविवारी सकाळी प्रभुभोजन (येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी). म्हणजे दर आठवडा हा एक छोटा पवित्र सप्ताह. आपण गुड फ्रायडे आणि ईस्टर वर्षातून एकदा करतो आणि मग तो विषय पुढच्या वर्षीवर जातो. इथे दर शुक्रवारी मरण आणि दर रविवारी जीवन, आणि मधले दिवस कामाचे. बाप्तिस्म्याबद्दल पौल जे रोमकरांना लिहितो, ख्रिस्ताबरोबर मरणं आणि त्याच्याबरोबर नव्या जीवनात चालणं, ते मी संडे स्कूलपासून ऐकलंय, पण अंगाला लागलं ते या रचनेमुळे.

प्रभुभोजनाबद्दल स्पष्ट लिहिते कारण मिश्र लग्न असलेल्यांचा पहिला प्रश्न हाच असतो, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट ते सहसा एकत्र घेत नाहीत. चर्चमधली फूट तिथेही जादूने नाहीशी झालेली नाही. पण जे प्रभुभोजन घेत नाहीत किंवा घेऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी आशीर्वाद दिलेली भाकर वेगळी वाटतात, कोणीही घ्यावी, त्यामुळे रिकाम्या हाताने कोणी परतत नाही. ती भाकर हातात घेऊन मी नवऱ्याच्या शेजारी बसले होते आणि मला रडू आलं, बरं वाटून पण आणि वाईट वाटून पण, कारण एवढ्या जवळ येऊनही एक पाऊल बाकी आहे हे त्या क्षणी जितकं स्वच्छ दिसलं तितकं कुठल्याच चर्चेत दिसलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट जी तिथे जाण्याआधी माहीत असावी. १६ ऑगस्ट २००५ ला संध्याकाळच्या प्रार्थनेत, सुमारे २५०० लोकांसमोर, मानसिक आजार असलेल्या एका बाईने ब्रदर रॉजरवर चाकूने वार केले आणि ते गेले, नव्वद वर्षांचे होते. त्यांच्या अंत्यविधीत त्यांच्यानंतर प्रमुख झालेले ब्रदर अलोईस यांनी त्या बाईसाठी क्षमेची प्रार्थना केली, क्रुसावरच्या येशूच्या शब्दांची आठवण ठेवून. पासष्ट वर्षं रोज तीन वेळा केलेली प्रार्थना माणसाला काय देते याचं उत्तर मला यात मिळालं. गावातल्या जुन्या छोट्या चर्चबाहेर त्यांची कबर आहे, बाकी ब्रदरसारखाच साधा लाकडी क्रूस, मुद्दाम शोधावी लागते.

सकाळी प्रार्थनेनंतर एक ब्रदर बायबलवर थोडं बोलतात आणि मग छोटे गट करून चर्चा. इथे अपेक्षा नीट ठेवा, सेमिनरीचा क्लास नाही तो, ग्रीक-हिब्रू आणि टीकाग्रंथ हवे असतील त्यांना कमी वाटेल. उलट ज्यांनी बायबल कधी उघडलं नाही अशी पुष्कळ तरुण मुलं तिथे असतात आणि त्यांचे प्रश्न इतके सरळ असतात की आपली पाठ केलेली उत्तरं तोंडातच राहतात. आमच्या गटात एकाने विचारलं, क्षमा केली पण राग तसाच आहे तर ती क्षमा मोजायची का. त्यावर आम्ही जेवायची घंटा होईपर्यंत बोललो.

पैसे: ब्रदर स्वतःसाठी देणगी घेत नाहीत, वारसाहक्काने आलेलंही ठेवत नाहीत, गरिबांना देतात, स्वतःच्या कामावर जगतात, मातीची भांडी वगैरे. ती तिथल्या दुकानात मिळतात आणि सुंदर आहेत, आम्ही दोन वाडगे आणले. तुमच्या राहण्याजेवण्याची रक्कम वय आणि देश बघून ठरते, हॉटेलच्या मानाने फारच कमी. भारताशी जुना संबंध आहे, ब्रदर रॉजर १९७६ मध्ये कलकत्त्यात राहिले होते, १९८५ मध्ये मद्रासला मोठा मेळावा झाला, आणि शेजारी बांगलादेशात मैमनसिंगला ब्रदर राहिले आहेत.

घरी आल्यावर काय राहिलं? आम्ही रात्रीची प्रार्थना परत सुरू केली. एक स्तोत्र, छोटा उतारा, एकच भजन दोन-तीनदा, पाच मिनिटं गप्प, मग प्रभूची प्रार्थना. उताऱ्यावर मी बोलायचं नाही असं ठरलंय, मला ते जड जातं. ज्याची भांडी घासायची पाळी तो प्रार्थना सुरू करतो.

जाणाऱ्यांसाठी शेवटचं: नोंदणी आधी ऑनलाइन करा. कार्यक्रम मुख्यतः तरुणांसाठी आहे, मोठ्या वयाच्यांची राहायची सोय आणि गट वेगळे, लहान मुलं असतील तर शेजारच्या आम्युन्यी गावात ओलिंडा नावाचं घर कुटुंबांसाठी आहे. ट्रेनने माकाँ-लोशे स्टेशन आणि तिथून बस. उन्हाळ्यातही रात्री गार पडतं, स्वेटर, टॉर्च आणि पावसाचं जॅकेट लागतंच. गुडघे दुखत असतील तर प्रार्थनेला दहा-पंधरा मिनिटं आधी जाऊन कडेची जागा धरा. गर्दी नको असेल तर ईस्टर आणि ऑगस्ट टाळा, आणि पूर्ण शांततेत आठवडा घालवायची वेगळी सोयही आहे, त्यासाठी नोंदणी करतानाच कळवा.