दिवा लागतो, पण चाके ओढतात का? जुन्या फोर-बाय-फोर गाडीसोबतचे अकरा महिने

माझ्या गाडीच्या डॅशबोर्डवर चार चाके आणि दोन ॲक्सल यांचे चित्र असलेला एक छोटा हिरवा दिवा आहे. ट्रान्सफर केसचा, म्हणजे इंजिनाचा जोर पुढच्या आणि मागच्या चाकांकडे पाठवणाऱ्या पेटीचा, दांडा २एचवरून (जोर फक्त मागच्या चाकांना) ४एचवर (चारही चाकांना, म्हणजे फोर-बाय-फोर) ओढला की तो लागतो. गाडी पाहायला गेलो तेव्हा तो लागला, गाडी घेतल्यावर पाच महिने लागत राहिला, आणि त्या पाच महिन्यांत गाडीची पुढची चाके इंजिनाच्या जोराने एकदाही फिरली नव्हती. या दिव्याबद्दल मी पुढे त्याच्या लायकीपेक्षा जास्त लिहिणार आहे, हे आधीच कबूल करतो.

आमचे घर डांबरी रस्ता संपल्यावर दोन किलोमीटर आत आहे. वाट चिकणमातीची, मध्ये एक ओढा आणि त्यानंतर चढ. साधी गाडी पावसात वरच्या वळणावर ठेवून सामान हाताने आणावे लागे. नवी फोर-बाय-फोर घेण्याची ऐपत नव्हती, आणि खरे सांगायचे तर पहिल्याच चिखलात ओरखडे पडणार असलेल्या वस्तूवर एवढा खर्च करण्याची इच्छाही नव्हती. म्हणून एकोणीस वर्षे जुनी, शिडीसारख्या चेसिसची, यांत्रिक पंपाची डिझेल गाडी घेतली. पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा मधला डिफरन्शियल नाही, म्हणजे फोर-बाय-फोर गरजेपुरते लावायचे आणि कोरड्या डांबरावर काढून टाकायचे. अकरा महिन्यांत ती नऊ हजार किलोमीटर चालली आहे.

घेताना मी जे तपासले ते बहुतेक बरोबर निघाले, त्यामुळे त्यावर फार वेळ घालवत नाही. चेसिसच्या पोकळ पट्ट्यांत साचलेला चिखल ओलावा धरून ठेवतो आणि लोखंड आतून खातो, हे ऐकून होतो. म्हणून तासभर गाडीखाली पडून छोट्या हातोडीने चेसिस ठोकत राहिलो, विशेषतः मागच्या पाट्यांचे, म्हणजे स्प्रिंगांचे, कान जिथे बसतात तिथे. आवाज सगळीकडे खणखणीत आला. दोन्ही डिफरन्शियलचे ऑइल बोटावर घेऊन पाहिले. पाणी शिरले असते तर ते दुधाळ दिसले असते. टायरची नक्षी भरपूर खोल होती, पण कडेवरचा आकडा ४७१२ होता, म्हणजे ते २०१२ सालच्या ४७व्या आठवड्यातले होते. इतके जुने रबर चिखलात पकडीचे उरत नाही, म्हणून चारही एकदम बदलले. दोनच बदलून भागले नसते, कारण अशा गाडीत पुढच्या आणि मागच्या टायरच्या घेरात फरक असला की तो फरक फोर-बाय-फोर लावल्यावर गिअरांवर ताण म्हणून साठत जातो. मी सगळे खर्च डिझेलच्या टाक्यांत मोजतो, कारण गावाबाहेर राहणाऱ्याला तेच माप कळते. चार टायरना पाच टाक्या गेल्या.

पहिल्या पावसात गाडी आरामात वर आली आणि मी खूश झालो. आता लक्षात येते की ते श्रेय नव्या टायरचे आणि गाडीच्या उंचीचे होते. पाचव्या महिन्यात, सलग चार दिवसांच्या पावसानंतर, ओढ्यापलीकडच्या त्याच चढावर गाडी थांबली. दांडा ४एचवर, दिवा लागलेला, मागची चाके जागच्या जागी माती उपसत होती. खिडकीतून डोके बाहेर काढून पुढच्या चाकाकडे पाहिले, तर ते शांत उभे होते. आधी वाटले की अंधारात नीट दिसत नसेल. मग उतरून, गाडी गिअरमध्ये असताना घरच्या माणसाला हळूच क्लच सोडायला सांगितले. मागे चिखलाचे फवारे उडाले, पुढे काहीच हलले नाही, आणि काचेतून तो हिरवा दिवा मात्र दिसत होता. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरने गाडी बाहेर काढली.

यानंतरचा दीड महिना एका गॅरेजशी वाद घालण्यात गेला. त्यांनी गाडी लिफ्टवर न चढवताच ट्रान्सफर केस गेल्याचे सांगितले आणि वापरलेला दुसरा बसवून देण्याचा खर्च कळवला, तो साधारण बारा टाक्यांचा होता. मी विचारले की ट्रान्सफर केस गेला असेल तर ४एलमध्ये गाडी हळू पण जास्त ताकदीने कशी चालते, कारण तो कमी वेगाचा गिअर ट्रान्सफर केसमध्येच असतो. उत्तर मिळाले की ‘आतली चेन गेली असेल’. पुढच्या वेळी चेनऐवजी पुढचा डिफरन्शियल दोषी ठरला आणि आकडा चौदा टाक्यांवर गेला. दोन्ही वेळा तपासणीचे पैसे मात्र वेगळे घेतले. तिथून निघताना मी ठरवले की जे काही असेल ते आधी स्वतः समजून घ्यायचे.

अशा गाडीत फोर-बाय-फोर काढलेले असताना पुढची चाके पुढच्या डिफरन्शियलला आणि शाफ्टला विनाकारण फिरवू नयेत, यासाठी कुठेतरी जोड तोडण्याची सोय केलेली असते. ही कल्पना जुनी आहे. युद्धातून उरलेल्या जीप लोक रस्त्यावर वापरू लागले तेव्हा १९४८च्या सुमारास आर्थर वॉर्न यांनी त्यांच्यासाठी चाकावरच हाताने फिरवून ही जोड लावता-तोडता येणारे हब बनवायला सुरुवात केली होती. माझ्या गाडीत मात्र उतरून हब फिरवण्याचा त्रास वाचवलेला आहे: पुढच्या ॲक्सलचा एका बाजूचा शाफ्ट मध्ये तोडलेला असून दोन तुकड्यांवर एक दातेरी बाही सरकते. ती बाही सरकवणारा काटा रबरी पडद्याला जोडलेला आहे, आणि तो पडदा हवेच्या ओढीने, म्हणजे व्हॅक्यूमने, हलतो. पेट्रोल इंजिनात ही ओढ इंजिनाच्या श्वासातूनच मिळते. डिझेलमध्ये हवेचा मार्ग आवळणारी झडप नसल्याने ती फारशी मिळत नाही, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, जो ब्रेकलाही मदत करतो. ब्रेक ठीक होते, म्हणजे पंप ठीक होता.

मी पडद्याकडे जाणारी नळी काढून तिच्या तोंडावर अंगठा ठेवला आणि इंजिन चालू करून दांडा ४एचवर ओढायला सांगितला. अंगठ्याला काहीही जाणवले नाही. नळी मागे मागे शोधत गेल्यावर चेसिसला वळसा घालते त्या ठिकाणी ती वाकवताच बोटभर लांबीची चीर उघडली. सरळ ठेवली की ती दिसतही नव्हती. नवी नळी एका टाकीच्या पन्नासाव्या भागाइतक्या किमतीत मिळाली, आणि बसवायला दहा मिनिटे लागली. त्यातली सात मिनिटे क्लिप उडून गवतात पडल्यामुळे गेली.

एका बाजूची जोड तुटली तर दुसरे चाक तरी का ओढत नाही, हा प्रश्न मलाही पडला होता. साधा डिफरन्शियल दोन्ही बाजूंना सारखाच जोर देतो. एका बाजूचा तुटलेला शाफ्ट हवेत फुकट फिरू लागला की त्याला फिरवायला जेवढा जोर लागतो तेवढाच, म्हणजे जवळपास शून्य, दुसऱ्या बाजूला मिळतो. आणि दिवा? त्याचा स्विच ट्रान्सफर केसवर आहे. दांडा सरकला एवढेच त्याला ठाऊक असते. बाही सरकली की नाही याच्याशी त्याचा काही संबंध नाही. ज्याने ही रचना केली त्याने चालकाला फोर-बाय-फोर लागल्याची खात्री देणारे चित्र दिले आणि खात्री मात्र निम्म्याच साखळीची केली. काही गाड्यांत हा स्विच पुढच्या ॲक्सलवर असतो, म्हणजे अशी सोय करणे अशक्य नव्हते.

चीर सापडली त्याच संध्याकाळी मी गाडी विकणाऱ्याला फोन केला. आवाज चढवायचे आधीच ठरवले होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि सांगितले की त्यांच्याकडे गाडी तीन वर्षे होती, सगळा वापर डांबरावर, फोर-बाय-फोरची गरज कधी पडली नाही. ‘पण मी महिन्यातून एकदा दांडा ओढून बघायचो, दिवा लागायचा.’ यावर बोलण्यासारखे माझ्याकडे काही उरले नाही. त्यांना फसवणारा हाच दिवा मलाही फसवत होता. त्या फोनपर्यंत मी या अनुभवाला फसवणूक म्हणत होतो. आता तो शब्द मागे घेतो, गॅरेजच्या बाबतीत सोडून.

दिव्याऐवजी काय पाहायला हवे होते, ते सांगतो, कारण ही चाचणी फुकट आहे. मोकळ्या खडीवर किंवा ओल्या मातीवर, डांबरावर नव्हे, गाडी ४एचमध्ये घालावी, स्टिअरिंग पूर्ण वळवावे आणि अगदी हळू गोल फिरवावे. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळात फिरतात. मधला डिफरन्शियल नसलेल्या गाडीत पुढचे आणि मागचे शाफ्ट एकाच वेगाने बांधलेले असल्यामुळे ती अडखळते, नाक दाबून धरल्यासारखी ओढ लागते, चाके खडी ढकलतात. असे झाले तर पुढचा ॲक्सल खरोखर कामाला आहे. गाडी लोण्यासारखी सहज फिरली तर दिवा काहीही सांगो, पुढे जोर जात नाही. मी खरेदीच्या दिवशी नेमकी अशीच सहज फिरलेली गाडी पाहून तिच्या हलक्या स्टिअरिंगचे कौतुक केले होते.

इथपर्यंतचा मजकूर मी सातव्या महिन्यात लिहून ठेवला होता आणि त्याच्या शेवटी ‘दोष किरकोळ होता’ असे वाक्य होते. ते आता खोडले आहे. नवव्या महिन्यात खडीवरच्या चाचणीत गाडी पुन्हा सहज फिरली. या वेळी नळीत ओढ होती, पण पडदाच फाटला होता. ओढ्यातल्या पाण्याने आणि चिखलाने त्याचे रबर कडक झाले होते. नवा पडदा अख्ख्या डबीसकटच मिळतो आणि त्याला पावणेदोन टाक्या लागतात. चीर गेलेल्या नळीसारखाच तोही कधीतरी जाणार, हे दिसत असताना तो खर्च माझ्याने झाला नाही. त्याऐवजी डबी काढून टाकली, काट्याला जाड तार जोडली आणि तिची मूठ सीटशेजारी आणली. आता दांडा ओढायचा आणि मूठही ओढायची. बाही दातांत बसते तेव्हा मुठीला एक खट्‌ असा धक्का लागतो; बसली नाही तर गाडी हातभर पुढेमागे करावी लागते. दिसायला ही जोडणी ओबडधोबड आहे, पण जमिनीपासून फूटभर उंचीवर, चिखलाच्या तोंडावर, रबराच्या भरवशावर उभा राहिलेला एकही भाग तिच्यात नाही.

मूठ बसवल्यानंतर पहिल्यांदा त्याच चढावर गेलो, तेव्हा जे झाले त्याची मला अपेक्षा नव्हती. ट्रॅक्टर लागला होता ती जागा गाडीने ४एचमध्ये दुसऱ्या गिअरवर, आवाजही न वाढवता ओलांडली. उतरताना ४एल लावून पहिला गिअर टाकला आणि दोन्ही पाय पेडलवरून काढले. माणूस चालेल त्याहून कमी वेगाने, इंजिनाच्या धरून ठेवण्यावर, ओल्या मातीवर एकदाही न घसरता ती खाली आली. ब्रेक दाबला असता तर चाके अडकून घसरली असती. गेल्या अकरा महिन्यांत या गाडीने मला दिलेला सगळ्यात मोठा आनंद म्हणजे तो उतार, आणि तो मी त्या दिवशी कारण नसताना तीनदा केला. डिझेलचा हिशेब त्या दिवशी ठेवला नाही.

बाकीच्या तक्रारी चालवून घेण्यासारख्या आहेत. पाट्यांमुळे रिकामी गाडी खड्ड्यांत उडते आणि सामान भरले की सुधारते. ऐंशीच्या पुढे वेग गेला की बोलणे ऐकू येत नाही. वळायला जागा फार लागते. प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसना, म्हणजे ॲक्सलकडे जोर नेणाऱ्या दांड्याच्या सांध्यांना, पाण्यातून गेल्यावर ग्रीस द्यावेच लागते. एकदा आळस केला तर दोन आठवड्यांत टकटक सुरू झाली. मागच्या डिफरन्शियलची श्वासनळी मी ओढ्याच्या पाण्यापेक्षा उंच, सीटच्या मागपर्यंत वाढवून घेतली आहे, कारण गरम डिफरन्शियल थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि नळीचे तोंड खाली असेल तर पाणी आत ओढले जाते.

दिव्याचा स्विच ट्रान्सफर केसवरून काढून काट्यापाशी बसवण्याचा विचार होता. पण पाण्याला टिकणारा स्विच, वायर आणि जोडणी मिळून पाव टाकीचा खर्च येतो, आणि मुठीचा धक्का हाताला फुकट कळतो. म्हणून तूर्त त्या हिरव्या चित्रावर काळी पट्टी चिकटवली आहे. रात्री तिच्या कडेने थोडा उजेड झिरपतो, तेवढ्यासाठी दुसरी पट्टी लावणार आहे.