मेंटॉर-मेंटी संवादासाठी 'ग्रो' पद्धत : एका शैक्षणिक वर्षाच्या वापरानंतरचा अनुभव

पुण्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी शिकवते आणि द्वितीय वर्षाच्या एका गटाची जीएफएम, म्हणजे गार्डियन फॅकल्टी मेंबर (गटाची पालक-शिक्षिका), आहे. गेले शैक्षणिक वर्षभर माझ्या गटातील विद्यार्थ्यांशी होणाऱ्या वैयक्तिक भेटींत मी 'ग्रो' ही संवादपद्धती नियमितपणे वापरली. पद्धत उपयुक्त आहे आणि मी ती सोडणार नाही. मात्र पुस्तकात सांगितलेल्या क्रमाने ती आपल्या द्वितीय वर्षाच्या मुलांना लागू पडत नाही, आणि काही प्रसंगी ती वापरूच नये, असे माझे ठाम मत झाले आहे. हाच अनुभव येथे सविस्तर मांडत आहे.

आधीची परिस्थिती बहुतेक शिक्षकांच्या परिचयाची असेल. महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या नॅकच्या मूल्यमापनात मेंटॉर आणि विद्यार्थी यांचे प्रमाण विचारले जाते, त्यामुळे मेंटॉरिंगची फाइल प्रत्येक विभागात असते. उपस्थितीची टक्केवारी, इन-सेमचे (सत्रादरम्यानच्या परीक्षेचे) गुण, राहिलेले विषय, पालकांचा फोन क्रमांक, शेरा आणि दोन सह्या, एवढा तिचा ऐवज. भेट बहुधा डिफॉल्टर लिस्ट (कमी उपस्थिती असलेल्यांची यादी) लागल्यावर होते, म्हणजे विद्यार्थी समोर येतो तोच खुलासा तयार ठेवून. "सर्व ठीक आहे ना?" या प्रश्नाला "हो मॅडम" हे उत्तर मिळते आणि फाइल पूर्ण होते. त्या भेटीतून विद्यार्थ्याच्या हाती काय लागले, हे विचारायला त्या फॉर्मवर जागाच नसते.

'ग्रो' ही पद्धत १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये आकाराला आली. जॉन व्हिटमोर, ग्रॅहम अलेक्झांडर आणि अ‍ॅलन फाइन ही नावे तिच्याशी जोडली जातात. व्हिटमोर हे एकेकाळचे मोटार-शर्यतपटू होते. खेळाडूंना प्रशिक्षण देण्याच्या विचारातून ही मांडणी पुढे कंपन्यांमध्ये गेली. संवादाचे चार टप्पे आहेत : ध्येय (गोल) काय, आज वास्तव (रिअ‍ॅलिटी) काय, पर्याय (ऑप्शन्स) कोणते आणि त्यांपैकी नेमके काय करण्याचा निश्चय (विल) आहे; त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून 'ग्रो' हे नाव. मार्गदर्शकाने मुख्यतः प्रश्न विचारायचे आणि उत्तर समोरच्याने शोधायचे, हे तिचे सूत्र.

या चारांपैकी सर्वाधिक फायदा मला दुसऱ्या टप्प्याचा झाला. वास्तवाचे प्रश्न पुरेसा वेळ विचारत राहिले, तर पहिले उत्तर आणि खरी अडचण यांत किती अंतर असते, ते दिसू लागते. एक उदाहरण देते. मराठवाड्यातून आलेला, पुण्याच्या नऱ्हे भागात कॉट बेसिसवर (खोलीतल्या एका खाटेपुरते भाडे देऊन) राहणारा एक विद्यार्थी इन-सेममध्ये एम-थ्रीत (गणित-३ या विषयात) मागे पडला होता. "एम-थ्री अवघड जातं, मॅडम. आता जास्त अभ्यास करीन," असे त्याने बसताक्षणीच सांगितले. एरवी भेट येथेच संपली असती. मी विचारले, "मागच्या आठवड्यात एम-थ्रीला कधी बसला होतास?" रात्री मेसवरून आल्यावर. "तेव्हा काय केलंस?" जुन्या प्रश्नपत्रिकांची सोडवलेली उत्तरे वाचली. "कागदावर एखादं सोडवलंस?" नाही. मग मी कोरा कागद पुढे केला आणि व्हेरिएशन ऑफ पॅरामीटर्स या डिफरन्शियल इक्वेशन सोडवण्याच्या रीतीचे एक गणित माझ्यासमोर सोडवायला सांगितले. सुरुवातीच्या पायऱ्या जमल्या : पूरक फलन त्याने व्यवस्थित काढले, रॉन्स्कियनही बरोबर आला. पेन थांबले ते शेवटच्या इंटिग्रेशनपाशी. कागदाकडे बघत तो म्हणाला, "मॅडम, मला हे येतंय. मला बारावीचं इंटिग्रेशन येत नाहीये."

हे वाक्य त्याचे स्वतःचे होते आणि म्हणूनच पुढची सर्व चर्चा शक्य झाली. 'जास्त अभ्यास' या शब्दांवर कोणतीही योजना उभी राहत नाही. 'इंटिग्रेशन बाय पार्ट्स येत नाही' यावर दहा मिनिटांत योजना तयार होते. पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या पॅटर्नमध्ये इन-सेम ३० गुणांची, पहिल्या दोन युनिटांवर, आणि एंड-सेम (सत्रअखेरची परीक्षा) ७० गुणांची, उरलेल्या चार युनिटांवर असे. त्यामुळे इन-सेममध्ये घसरलेल्या विद्यार्थ्याला अजून बरेच काही हाताशी आहे, हेही त्याला याच टप्प्यावर आकड्यांत दाखवता आले. धीर देणाऱ्या शब्दांपेक्षा या आकड्यांनी त्याला अधिक धीर आला, असे मला जाणवले.

आता क्रमाविषयी. मूळ मांडणीत ध्येय आधी येते, कारण केवळ सद्यस्थितीवरून ठरवलेले ध्येय तोकडे राहते, असा त्यामागचा विचार आहे. नोकरीत स्थिरावलेल्या माणसासाठी तो रास्त असेल. आपल्याकडे मात्र सीईटीचा पर्सेंटाइल आणि कॅप राउंडमध्ये (केंद्रीय प्रवेशप्रक्रियेत) मिळालेली शाखा यांनी अनेकांचे प्रवेश ठरलेले असतात. अशा एकोणीस वर्षांच्या मुलाला पहिल्याच भेटीत "तुझे ध्येय काय?" असे विचारले, की तो प्लेसमेंटच्या पॅकेजचा आकडा सांगतो किंवा गप्प बसतो. दोन्हींतून संवाद पुढे जात नाही. म्हणून मी प्रारंभी वास्तव, त्यानंतर या सत्रापुरते लहान ध्येय, असा क्रम ठेवला. करिअरविषयीचा प्रश्न दुसऱ्या सत्रासाठी राखून ठेवला. तोपर्यंत ओळख वाढलेली असते आणि उत्तरे पाठ केलेली राहत नाहीत.

पर्यायांचा टप्पा शिक्षकाला सर्वांत कठीण जातो. आपल्याला उत्तर ठाऊक असते, घड्याळ समोर असते आणि सल्ला जिभेवर असतो. विद्यार्थ्याने पहिला पर्याय सांगितल्यानंतर "आणखी काय करता येईल?" एवढेच विचारून थांबायचे, हा नियम मी काटेकोरपणे पाळला. ती शांतता पहिल्या महिन्यात दोघांनाही अवघड वाटते, पण उपयोगी पर्याय बहुतेक वेळा तिच्यानंतरच येतात. वरील विद्यार्थ्याने आधी क्लास लावण्याचा पर्याय सांगितला, मग खोलीवर लवकर अभ्यासाला बसण्याचा. थोडे थांबल्यावर तो म्हणाला की प्रॅक्टिकल संपल्यावर तासभर लायब्ररीत बसता येईल आणि इंटिग्रेशन चांगले येणारा त्याच्याच बॅचचा एक मित्र तिथे रोज असतो. हा पर्याय मला सुचला नसता, कारण तो मित्र मला ठाऊक नव्हता.

शेवटचा टप्पा लेखी असावा, आणि लिखाण विद्यार्थ्याच्या हातचे असावे. मी अर्ध्या पानाची चिठ्ठी वापरते. त्यावर काय करणार, कधीपर्यंत आणि झाले हे कशावरून कळणार, अशा तीनच ओळी असतात. एक प्रत त्याच्याकडे, एक माझ्याकडे. पुढची भेट या चिठ्ठीपासूनच सुरू होते. दोन दिवस आधी विद्यार्थ्याने भेटीचा विषय एका ओळीत व्हॉट्सअ‍ॅपवर कळवायचा, ही जोड मी नंतर दिली. तिच्यामुळे भेट ही आपली आहे, मॅडमनी बोलावल्यामुळे नव्हे, ही भावना मुलांत रुजू लागली. ज्या विद्यार्थ्यांनी विषय कळवला नाही, त्यांच्या भेटी आजही जुन्या वळणावर जातात.

जागेचा प्रश्न कोणी गांभीर्याने घेत नाही, तो घ्यावा. स्टाफरूममध्ये, शेजारच्या टेबलावर दुसरे शिक्षक टर्मवर्क तपासत असताना, कोणताही मुलगा घरची अडचण बोलणार नाही. प्रॅक्टिकलनंतर रिकामी झालेली प्रयोगशाळा, दार उघडे ठेवून, मला सर्वांत सोयीची वाटली.

पद्धतीच्या मर्यादा स्पष्ट आहेत. तंत्रशिक्षणाचे नियमन करणाऱ्या एआयसीटीईच्या निकषानुसार पदवी अभियांत्रिकीत एका शिक्षकामागे वीस विद्यार्थी असतात आणि जीएफएमचा गट बहुधा तेवढाच असतो. प्रत्येकाला अर्धा तास द्यायचा तर एका फेरीलाच दहा तास लागतात, आणि हे तास कोणाच्याही वेळापत्रकात धरलेले नसतात. दुसरे असे की, काही अडचणींना प्रश्न नव्हे, माहिती हवी असते. महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज अडकलेल्या विद्यार्थ्याला "तुझ्यापुढे कोणते पर्याय आहेत?" असे विचारणे अन्यायाचे आहे, त्याला सोबत घेऊन स्कॉलरशिपचे काम पाहणाऱ्या क्लार्ककडे जावे.

तिसरी मर्यादा सर्वांत महत्त्वाची. झोप उडालेली, जेवण तुटलेले, बोलताना डोळे भरून येणारे मूल समोर असेल, तर चार टप्प्यांचा कागद बाजूला ठेवावा. तेव्हा ऐकून घ्यावे, एकटे सोडू नये आणि महाविद्यालयाच्या समुपदेशकांपर्यंत स्वतः पोहोचवावे. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असते आणि तेथे मराठीत बोलता येते. हा क्रमांक मी चिठ्ठीच्या मागच्या बाजूला छापून घेतला आहे. निश्चय लिहून घेण्याची ती वेळ नसते.

नवीन जीएफएमना ही पद्धत मी निःसंकोच सुचवीन, पण त्यांनी पूर्ण गटाऐवजी चार-पाच विद्यार्थ्यांपासून प्रारंभ करावा. माझी खरी तक्रार पद्धतीविषयी नसून शिक्षकांना गट वाटून देण्याच्या रीतीविषयी आहे. मार्गदर्शनाच्या नात्याचा अभ्यास करणाऱ्या कॅथी क्रॅम यांनी १९८३ मध्ये त्याचे चार टप्पे मांडले : प्रारंभ, जोपासना, विलगता आणि नव्याने जुळणी. त्यांच्या निरीक्षणात केवळ प्रारंभालाच सहा महिने ते वर्ष लागत होते. आमच्याकडे दरवर्षी जून-जुलैत जीएफएम बदलतो, म्हणजे जोपासना सुरू होण्याच्या सुमारासच मूल दुसऱ्या शिक्षकाकडे जाते आणि पुन्हा "हो मॅडम, सर्व ठीक आहे" पासून आरंभ होतो. द्वितीय वर्षात दिलेला गट अंतिम वर्षापर्यंत त्याच शिक्षकाकडे ठेवावा, आणि बदल अटळ असल्यास विद्यार्थ्याच्या संमतीने त्याच्या चिठ्ठ्या नव्या जीएफएमकडे सोपवाव्यात, अशी लेखी विनंती मी विभागाला केली आहे. पुढील वर्षाचे वाटप होण्यापूर्वी तिच्यावर निर्णय अपेक्षित आहे.